एक्सेलमधली ती ओळ

वन्यजीव किंवा पर्यावरण शिकून एखाद्या संस्थेत इंटर्नशिपला लागलेली मुलं हल्ली माझ्याकडे साधारण एकच प्रश्न घेऊन येतात. ‘दोन महिने झाले. ऑफिसात जीव रमत नाही आणि फील्डवर गेलं की आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. सोडून द्यावं का?’ मागच्या एका हिवाळ्यात हाच प्रश्न घेऊन आलेल्या मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती अंबाजोगाईकडची, घरी कोरडवाहू शेती. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून छत्रपती संभाजीनगरात पाणपक्ष्यांवर काम करणाऱ्या गटात सहा महिन्यांसाठी लागली होती. आठवड्यातले चार दिवस संगणकावर नोंदी भरायच्या आणि एक-दोन दिवस पैठणला, नाथसागराच्या म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठाने पक्ष्यांची गणना.

“मॅडम, तिथं सगळे फटाफट नावं घ्यायलेत अन् मी नुस्ती मान हलवायले,” ती म्हणाली. “अन् ऑफिसात ती फाइल उघडली की छातीत धडधडायलंय.”

पहिल्या भेटीत मी दुसरं वाक्य नीट ऐकलं नाही. दिवसभर खुर्चीत बसायचा कंटाळा असेल, असं धरून चालले. पण कंटाळ्याने छाती धडधडत नाही. हे लक्षात आल्यावर दुसऱ्या भेटीत मी एवढंच विचारलं, “फाइल उघडली की नजर आधी कुठं जाते?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग रडू लागली.

झालं होतं असं. डिसेंबरातल्या एका सकाळी पाण्यावर बदकांचा थवा होता. सूर्य समोरून आलेला, बदकं दूर. थापट्या बदक त्याच्या रुंद चोचीवरून ओळखता येतं. वारकरी नावाचा पाणपक्षी तर काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, चुकणं अवघड. पण चक्रांग आणि भुवई बदक या दोन जातींच्या बदकांच्या माद्या तपकिरी, लांबून जवळजवळ सारख्याच दिसतात. सोबतच्या सरांनी विचारलं, “कोणती?” ती म्हणाली, “चक्रांग.” “किती?” “चाळीस.” “नक्की?” “हो सर.” तिला काहीच नक्की नव्हतं. चार दिवसांनी तिनेच तो आकडा स्वतःच्या हाताने एक्सेलमध्ये भरला. त्यानंतर रोज ती ओळ समोर येत होती. तिला ऑफिस नकोसं नव्हतं झालं, ती ओळ नकोशी झाली होती.

असं मनात धरून बसणारी मुलं कामचुकार नसतात. ज्याला आकड्याची पर्वा नाही, त्याची झोप खोट्या आकड्याने उडत नाही. हे मी तिला सांगितलं. तिला गोंजारायचं म्हणून नव्हे, मला मनापासून तसं वाटतं म्हणून.

मग मी तिला गणनेचा कोरा तक्ता आणायला सांगितला. आम्ही तो ओळीने वाचला. खालच्या बाजूला ‘न ओळखलेली बदके’ अशी ओळ होती. “ही तू कधी वापरलीस?” एकदाही नाही. ती ओळ म्हणजे नापासाचा शेरा, असं तिने धरलं होतं. वर्षानुवर्षं पक्षी मोजणाऱ्यांनाही ती लागते, म्हणूनच ती तिथे छापलेली असते.

मोजण्याबद्दल बोलताना मी विचारलं, “तुमच्या रानात भोरड्या यायच्या का?” तिचा चेहरा तिथे पहिल्यांदा उजळला. “लई! ज्वारी हुरड्याला आली की ढगच्या ढग. मी माळ्यावर गोफण घेऊन बसायचे. थवा केवढा हाय ते आजोबाला वरूनच ओरडून सांगायचे, खळ्याएवढा का परातीएवढा.” मग तिनेच मला समजावलं, की मोठा थवा असाच मोजतात. आधी दहा-वीस पक्षी मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरायची आणि तेवढे गठ्ठे थव्यात किती बसतात ते पाहायचं. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, “मला हे येतंय की.”

अजून एक गोष्ट निघाली, आणि मुलींच्या पालकांनी व संस्थांनीही ती ऐकावी. पहाटे साडेचारला गाडी निघे, गाडीत ती एकटीच मुलगी. धरणाचं पाणी ओसरल्यावर काठाला गाळपेराची उघडी शेतं, आडोसा कुठेच नाही. म्हणून ती आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नसे. दहा वाजेपर्यंत डोकं ठणकायचं, दुर्बिणीत पाहिलं की गरगरायचं. ‘मला काही जमंना गेलंय’ यातला बराचसा भाग निव्वळ तहानेचा होता. गटातल्या एका ताईंशी ती हे बोलली. आता वाटेवरच्या एका ओळखीच्या घरी गाडी थांबते. ही सोय पहिल्याच दिवशी असायला हवी होती. ती मागून घ्यायची वेळ मुलीवर का यावी?

सरांना सांगायचं वाक्य आम्ही चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्ही वेळा त्यात ‘माफ करा’ दोन-दोनदा होतं. शेवटी उरलं ते असं: “सर, त्या दिवशीची चक्रांगची नोंद मी अंदाजाने दिली होती. मला ओळख पटली नव्हती. ती दुरुस्त करू का?” तिला वाटत होतं, सर घरी पाठवतील. त्यांनी फाइल उघडायला लावली, आकडा ‘न ओळखलेली’मध्ये हलवला, शेजारी शेरा लिहायला सांगितला आणि पुढच्या फेरीला दुर्बिणीऐवजी स्कोप, म्हणजे लांबचं आणखी मोठं दाखवणारी स्टँडवरची दुर्बीण, तिच्यापुढे ठेवला. सगळेच वरिष्ठ असे नसतात. काही चिडतात. तरीही खोटा आकडा रोज पाहत बसण्यापेक्षा एकदाचं बोलणं खाऊन घेणं हलकं जातं, असा माझा अनुभव आहे.

“सोडू का?” याचं उत्तर मी तिला दिलं नाही. महिनाभर वहीत रोज एक नोंद कर म्हटलं: आज धडधड कोणत्या वेळी झाली आणि तेव्हा समोर काय होतं. पंधरा दिवसांत त्या नोंदी विरळ झाल्या. कंटाळ्याच्या मात्र राहिल्या, दुपारी तीननंतरच्या. त्या राहू देत, तिच्या वयात मलाही तीननंतर झोप यायची.

फेब्रुवारीत तिने फील्डच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत, खाडाखोड न करता लिहिलेलं: ‘सकाळी 7.20. बदके, अंदाजे 60. ऊन समोरून. ओळख पटली नाही.’