आतड्याच्या कॅन्सरची सरसकट तपासणी केली तर मृत्यू खरंच कमी होतात का?

कमी होतात. पण किती, हे तुम्ही कोणाला मोजताय त्यावर आहे, आणि तुमचा घोळ तिथेच झालाय. तुम्ही लिहिलंय की 2022 च्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात कोलोनोस्कोपीमुळे (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं) मृत्यूंत फरक पडला नाही असं वाचलं, मग सरकारं यावर पैसा का घालतात? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. आरोग्याच्या आकडेवारीत नोकरी केली आणि बरीच वर्षं इंग्लंडात नॉटिंगहॅमला राहते. या विषयात आमच्या गावाचं नाव जुनं आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

1981 ते 1991 या दहा वर्षांत इथल्या 45 ते 74 वयाच्या 1,52,850 लोकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला दर दोन वर्षांनी शौचातलं न दिसणारं रक्त शोधायचं किट घरपोच, दुसऱ्याला काहीच नाही. निकाल 1996 साली छापून आला. किटवाल्या गटात आतड्याच्या कॅन्सरने 360 मृत्यू, दुसऱ्यात 420. म्हणजे साधारण 15 टक्के कमी. डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावर त्याच वर्षी 18 टक्के घट आली. त्याआधी 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात, दरवर्षी तपासणाऱ्या गटात, 33 टक्के.

15 टक्के ऐकून नाक मुरडू नका. नॉटिंगहॅममध्ये ज्यांना किट गेलं त्यांतल्या साधारण 60 टक्के लोकांनीच ते एकदा तरी वापरलं, आणि प्रत्येक वेळी नेमाने वापरणारे 38 टक्के. उरलेल्यांनी पाकीट उघडलंही नसेल, तरी मोजताना ते सगळे तपासणीच्या गटातच धरले. हे मुद्दाम करतात. जो माणूस आपणहून तपासणी करून घेतो तो बहुधा सिगारेटही ओढत नाही, रोज चालायलाही जातो. त्याची तुलना टाळाटाळ करणाऱ्याशी केली तर तपासणीला फुकटचं श्रेय मिळतं. म्हणून चिठ्ठी ज्या गटाची निघाली, माणूस त्या गटाचा. पुढे त्याने काही करो वा न करो.

आता तुमचा 2022 चा अभ्यास. त्यात पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधले 55 ते 64 वयाचे 84,585 लोक होते. त्यांतल्या एक तृतीयांश लोकांना कोलोनोस्कोपीचं बोलावणं गेलं, आणि त्यांतले आले 42 टक्के. दहा वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण न बोलावलेल्यांत 1.20 टक्के, तर बोलावलेल्यांत 0.98 टक्के राहिलं, हा फरक पक्का आहे. मृत्यूंचं प्रमाण 0.31 ऐवजी 0.28, हा मात्र योगायोगानेही पडू शकेल इतका बारीक. तुमच्यापर्यंत आलं ते एवढंच. वाचताना "कोलोनोस्कोपी" या शब्दाच्या जागी "कोलोनोस्कोपीचं आमंत्रण" असं वाचा, म्हणजे निम्मं कोडं सुटेल. प्रत्यक्ष आलेल्यांचा वेगळा हिशोब त्याच अभ्यासात आहे, त्यात मृत्यू निम्म्याने कमी दिसतात. पण वर सांगितलेल्या कारणासाठी मी तो आकडा जरा दबकतच सांगते. शिवाय आतड्यातल्या साध्या कोंबाचा (पॉलिपचा) कॅन्सर व्हायला बऱ्याचदा दहा-दहा वर्षं लागतात. आज कोंब कापून टाकल्याने टळलेला मृत्यू दहा वर्षांच्या हिशोबात कसा दिसणार?

तर लोकसंख्येच्या पातळीवर हा गुणाकार आहे: तपासणी किती चांगली, गुणिले किती जणांनी केली. स्पेनमध्ये एका गटाला कोलोनोस्कोपीचं आणि दुसऱ्याला शौचाच्या किटचं बोलावणं देऊन तुलना केली, त्याचे दहा वर्षांचे आकडे 2025 मध्ये आले. कोलोनोस्कोपीच्या बोलावण्याला होकार 31.8 टक्के, शौचाच्या तपासणीला 39.9 टक्के. आणि मृत्यू? 0.22 आणि 0.24 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. कोलोनोस्कोपी जास्त बारकाईची असूनही.

"किती जणांनी केली" हा आकडा किती क्षुल्लक गोष्टींवर हलतो ते मी घरात पाहिलंय. जुन्या किटमध्ये तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचाचे प्रत्येकी दोन नमुने काडीने पुठ्ठ्याच्या कार्डावर फासायचे होते. 2019 पासून इंग्लंडात जे आलं त्यात हिरव्या टोपणाची बोटभर बाटली असते. टोपणाला खाचा पाडलेली काडी. खाचा भरेपर्यंत एकदा खरवडायचं, टोपण लावायचं, तारीख लिहायची, पाकिटात घालून पोस्टाच्या पेटीत टाकायचं. आधी जी चाचपणी केली त्यात या एका बदलाने सहभाग 59 वरून 66 टक्क्यांवर गेला. तरी आमच्या घरचं पहिलं पाकीट चार महिने टॉवेलांच्या कपाटात पडून होतं. "संडासातलं पोस्टाने पाठवायचं? पोस्टमन काय म्हणेल!" हे नवऱ्याचं म्हणणं, पदवी इंजिनिअरिंगची. शेवटी मी तारीख लिहून बाटली बेसिनवर ठेवली तेव्हा गाडी हलली. हसण्यावारी नेऊ नका. इंग्लंडात सुरुवातीच्या चाचपणीत दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांचा सहभाग इतरांच्या जवळपास निम्मा होता.

सहभाग खूप वाढला तर काय होतं? उत्तर कॅलिफोर्नियातल्या कायझर पर्मनंटे या संस्थेने सभासदांना दरवर्षी किट घरी पाठवायला सुरुवात केली. 2000 साली तपासणी वेळच्या वेळी झालेले 39 टक्के होते, ते 2015 मध्ये 83 टक्के झाले, आणि या कॅन्सरचा मृत्युदर लाखामागे 30.9 वरून 14.7 वर आला. निम्म्याहून कमी! पण इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत, आधी आणि नंतर एवढीच तुलना आहे. त्या वर्षांत शस्त्रक्रिया आणि औषधंही सुधारली. सगळं श्रेय किटला देऊ नये.

देशादेशांचे तक्ते बघताना आणखी एक गंमत लक्षात ठेवा. नेदरलँड्सने 2014 मध्ये तपासणी सुरू केली आणि लगेच कॅन्सरचे रुग्ण वाढले, कारण लपलेले सापडले. मग काही वर्षांत आकडा आधीपेक्षा खाली गेला. मधल्याच एखाद्या वर्षाचा तक्ता हातात पडला तर तपासणीने कॅन्सर होतो असंही कोणी सिद्ध करेल. तसंच "पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं" या वाक्यावर भाळू नका. तोच माणूस त्याच दिवशी मरणार असला आणि निदान तीन वर्षं आधी झालं, तरी ते प्रमाण वाढतं. मृत्युदरच बघा.

आणि एक कडू गोष्ट. मिनेसोटाच्या लोकांचा तीस वर्षं पाठपुरावा केला. आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू दरवर्षी तपासणाऱ्यांत 32 टक्के कमीच राहिले, पण सगळी कारणं धरून झालेल्या एकूण मृत्यूंत फरक दिसला नाही. हा कॅन्सर एकूण मरणांतला लहानसा वाटा आहे, त्यात काही वाचले तरी बेरजेत ते बुडून जातात. ज्याचा कॅन्सर टळला त्याला ती बेरीज कशाला हवी, असं माझं मत. ते न पटणारे अभ्यासकही आहेत.

भारतात अशी सरसकट तपासणी का नाही, असंही तुम्ही विचारलंय. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत, कारण तिथे ओझं जास्त. आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण आपल्याकडे युरोपच्या मानाने बरंच कमी आहे. किटमध्ये रक्त सापडलं की पुढे कोलोनोस्कोपी करावी लागते. त्यामुळे रक्त सापडलेल्यांत बिनकॅन्सरवालेच जास्त निघतील आणि कोलोनोस्कोपीच्या रांगा लागतील. नेदरलँड्समध्येही पहिल्याच वर्षी रांगा आवरेनात, म्हणून किती रक्त सापडलं तर पुढे पाठवायचं ती मर्यादा वाढवावी लागली होती. पण हे सगळं ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्याविषयी. तुमच्या वडिलांना दोन महिने रक्त पडतंय आणि मूळव्याधीचं मलम चालू आहे, असं तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय. त्यासाठी यातला एकही आकडा लागत नाही. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि कोलोनोस्कोपी करायची का ते सरळ विचारा.