'निदान ७४ टक्के' : यील्डला मराठीत काय म्हणावे?

डिचोलीहून विचारणा आली आहे. फुप्फुसातल्या गाठीच्या रोबोटिक ब्रॉन्कोस्कोपीवर (श्वासनलिकेतून यंत्राच्या मदतीने नळी नेऊन गाठीचा तुकडा काढण्यावर) रुग्णांसाठी मराठी पत्रक करायचे आहे. मूळ मजकुरात 'डायग्नोस्टिक यील्ड ७४ टक्के' असे आहे. त्याचे 'निदान उत्पन्न ७४ टक्के' चालेल का, आणि 'यील्ड' व 'ॲक्युरसी' दोन्हींना 'अचूकता' म्हटले तर काय बिघडते?

'उत्पन्न' नको. उत्पन्न म्हटले की मामलेदार कचेरीतला दाखला आठवतो. यील्डसाठी मराठीत मुरलेला शब्द आहे : उतारा. १०० टन ऊस गाळून १० टन साखर पोत्यांत भरली, तर उतारा १० टक्के. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याला ऊस घातलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून तपासण्यात, हिशेब हाच : जितक्यांची तपासणी केली, त्यांपैकी किती जणांत रोग नेमका कळला. उसाबरोबर मळीही निघते, पण ती साखरेत धरत नाहीत. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

तरीही पत्रकात 'उतारा' घालू नये असे माझे मत आहे. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, दृष्टीचा उतारा, विषावरचा उतारा हे सगळे अर्थ घरोघरी जिवंत आहेत. घाबरलेला रुग्ण 'या तपासणीचा उतारा ७४ टक्के' वाचून आजार तितका उतरेल असे समजू शकतो. डॉक्टरांसाठीच्या लेखात 'निदान-उतारा' खुशाल वापरावा.

'निदान' मात्र त्याहून फसवा. 'निदान ७४ टक्के रुग्णांत' हे मराठी माणूस 'कमीत कमी ७४ टक्के' असेच वाचणार, कारण 'निदान एक फोन तरी कर' हा वापर तोंडात बसलेला आहे. आकड्याच्या लगेच आधी 'निदान' आले की अर्थ पालटतो. म्हणून 'रोगनिदान' लिहावे, आणि आकडा आधी : '१०० पैकी ७४ जणांत रोगनिदान झाले.'

आता 'अचूकता'. इथे चूक केवळ भाषेची राहत नाही. समजा १०० जणांची बायोप्सी झाली. ६० जणांत कॅन्सर सापडला, १२ जणांत क्षय किंवा बुरशीसारखा ठरावीक आजार, १८ जणांत नुसती सूज, आणि १० जणांचा तुकडा अपुरा किंवा निरोगी फुप्फुसाचा निघाला. काटेकोर मोजणीत यील्ड ७२. सूजही धरली तर तोच ९०. वर्षभराने सीटी केला आणि सूज निघालेल्या १८ पैकी ११ गाठी विरलेल्या दिसल्या, म्हणून तेवढ्याच धरल्या, तर ८३. रुग्ण तेच, सुया त्याच, आकडे तीन. नुसती सूज म्हणजे इथली मळी : सुई गाठीच्या कडेला लागली तरी सूजच दिसते. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ च्या निवेदनात काटेकोर मोजणीच धरावी असे म्हटले, ते याचसाठी.

अहवाल हाती आला त्याच दिवशी यील्ड मोजता येते. अचूकता म्हणजे ते निदान पुढे खरे ठरले का, आणि ते कळायला महिने जातात. २०२५ च्या व्हेरिटास चाचणीत १० ते ३० मिलिमीटरच्या गाठी होत्या आणि अचूकता १२ महिन्यांच्या पाठपुराव्याने ठरवली. श्वासनलिकेतून नेव्हिगेशनने (सीटीवरून काढलेल्या नकाशाने वाट शोधत) केलेल्या बायोप्सीत ती ७९ टक्के निघाली, छातीतून सुई घालून केलेल्या बायोप्सीत ७३.६. फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठणे ३.३ विरुद्ध २८.३ टक्के, आणि खरा फरक इथे आहे. पण त्या चाचणीतले नेव्हिगेशन विद्युतचुंबकीय होते, रोबोटिक नव्हे. हा ७९ रोबोटच्या पत्रकात उचलून लावू नये.

तुमचा ७४ बहुधा मोनार्क या रोबोटिक यंत्रावरच्या बेनिफिट अभ्यासातला असावा (२०२१, ५४ रुग्ण, ७४.१ टक्के). त्यातच ९६.२ हा आणखी एक आकडा भेटेल. तो 'लोकलायझेशन'चा, म्हणजे गाठीपर्यंत पोचल्याचा. त्याला 'यश' म्हणू नका, 'गाठ गाठली' म्हणा. पोचणे आणि तुकडा मिळणे यांत अंतर पडते, कारण नकाशा ज्या सीटीवरून काढतात तो जाग्या माणसाने पूर्ण श्वास भरल्यावर घेतलेला असतो. भूल दिल्यावर फुप्फुसाचे खालचे भाग दबतात, गाठ सरकते आणि पडद्यावर समोर दिसणारी गाठ प्रत्यक्षात बाजूला असते. म्हणून टेबलावरच कोन-बीम सीटीने (शंकूसारखा क्ष-किरणांचा झोत टाकणाऱ्या सीटीने) सुईचे टोक पुन्हा तपासतात.

'रोबोट बायोप्सी करतो' हेही लिहू नये. नळी फुप्फुसात कुठे वळवायची हे डॉक्टर हातातल्या कंट्रोलरने ठरवतात, यंत्र ती वळलेल्या जागी स्थिर धरते. 'रोबोटच्या साहाय्याने' हे लांबले तरी खरे आहे.

नोड्यूलला 'लहान गाठ' पुरे, सोबत '३ सेंटिमीटरपर्यंतची' इतके जोडा. 'गुठळी' नको, ती रक्ताची.

आपल्याकडे क्षय फार, त्यामुळे पत्रकात एक ओळ घालाच. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवण्याच्या द्रावात) टाकले तर जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखणे, होत नाही. त्यासाठी एक तुकडा वेगळा, सलाइनमध्ये पाठवावा लागतो. तो राहिला की कित्येकदा क्षयही 'नुसती सूज' म्हणून परत येतो, आणि वरच्या हिशेबात तो रुग्ण १२ मधून १८ मध्ये जातो.