ऐतिहासिक कादंबऱ्या: सुरुवात कुठून करशील?

वाचायचं ठरवलंस, फार छान झालं! पण नव्या वाचकाची नेहमीची चूक करू नकोस: सगळ्यात जाड पुस्तक आधी उचलू नकोस. विश्वास पाटलांचं 'पानिपत' मी यंदा दुसऱ्यांदा वाचलं, तितकंच आत लागलं. तरी तुझ्यासाठी ते तिसरं पुस्तक.

पहिलं रणजित देसाईंचं 'स्वामी' (१९६२). गोष्ट एकाच माणसाभोवती फिरते, म्हणून नावांचा गुंता होत नाही. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला वारले. त्यांचं आपल्या नागपूरच्या जानोजी भोसल्यांशी वैर होतं, १७६९ चा कनकापूरचा तह त्यातूनच झाला. हे माहीत असलं ना, की नागपूरच्या महाल भागातून जाताना पाय आपोआप थबकतात.

दोनच गोष्टी सांभाळ:
- कोण कुणाचा कोण, हे एका कागदावर लिहीत जा. पहिल्या पन्नास पानांत गोंधळ होतोच, तिथे सोडू नकोस.
- संवाद लेखकाचे असतात. ते इतिहास म्हणून कुणाला सांगू नकोस.

बखरी, पत्रव्यवहार वगैरे आता नको. सीताबर्डीच्या बाजारात पुस्तक विकत घ्यायलाही धावू नकोस, आधी वाचनालयातून आण. 'स्वामी' संपलं की सांग, दुसरं मी सुचवतो.