एसी-फ्रिजच्या कोर्ससाठी कर्ज काढावं का?

मुलाची दहावी झालीय, खासगी संस्था सहा महिन्यांच्या एसी कोर्सचे १,२०,००० रुपये मागतेय, कर्ज काढू का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर आधी सरकारी आयटीआयचा फॉर्म भरा. तिथला रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, फी त्यामानाने किरकोळ, आणि पुढे अप्रेंटिसशिप मिळाली तर शिकता शिकता स्टायपेंडही हातात येतो.

कर्जाचा हिशोब कागदावर मांडून बघा. १,२०,००० रुपये १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिन्याला साधारण ४,००० आणि एकूण परतफेड १,४३,००० च्या वर. नवा मुलगा सुरुवातीला हेल्पर म्हणूनच राबतो. त्यात मार्च ते मे फोन थांबत नाही, पण पाऊस लागला की कामं रोडावतात. हप्ता मात्र ऑगस्टमध्येही भरावाच लागतो. म्हणून हप्ता झेपेल का, हे पावसाळ्यातल्या कमाईवर ठरवा; जाहिरातीतल्या पगारावर नको.

खासगीत घालायचंच असेल तर बॅच चालू असताना वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहा. ब्रेझिंगचा (तांब्याचे पाइप तापवून जोडण्याचा) टॉर्च मुलांच्या हातात आहे, की फक्त सरांच्या? व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल काढायला शिकवतात, की थेट गॅस सोडून मोकळे होतात? एसीत भरतात तो आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, तिथे हयगय चालत नाही. मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलांचे नंबर मागा, पगार विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.