भावनिक बुद्धिमत्ता चांगली असलेले विद्यार्थी आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात का?

बहुतेक वेळा हो, पण बरीचशी वाट नात्यांतून जाते. मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली ती भावना ओळखणं, हाताळणं आणि विचार करताना त्यांचा उपयोग करणं अशी. विद्यापीठात घर मागे राहिलेलं असतं, माणसं नवी असतात. रूममेटशी खटका उडाल्यावर आपल्याला राग आलाय की डावलल्यासारखं वाटतंय, हे ज्याला उमगतं तो अबोला धरण्याऐवजी नेमकं बोलू शकतो. मग मैत्री टिकते, आणि परीक्षेच्या किंवा ब्रेकअपच्या दिवसांत हाक मारायला कुणीतरी असतं. समाधान मला मुख्यतः इथूनच येताना दिसतं.

मात्र एक काळजी घ्या. समाधान मोजायला मानसशास्त्रज्ञ एड डीनर व सहकाऱ्यांची १९८५ मधली पाच विधानांची प्रश्नावली सर्रास वापरतात, आणि भावनिक बुद्धिमत्ताही अनेकदा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या उत्तरांवरूनच ठरते. मुळात आनंदी असलेला माणूस दोन्हीकडे स्वतःला जास्त गुण देऊ शकतो. म्हणून अशा आकड्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आणि ज्याला पैशांची चणचण किंवा नैराश्य छळतंय, त्याला नुसतं ‘भावना सांभाळ’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला समुपदेशक आणि प्रत्यक्ष मदत हवी.