मुलाला एडिटिंग शिकायचंय, पण फोटोशॉप परवडत नाही

प्रश्न: मी अंगणवाडी सेविका आहे. मुलगा बारावी कॉमर्सला आहे. संध्याकाळी गावातल्या फोटो स्टुडिओत मदतीला जातो आणि आता फोटो एडिटिंगच करायचं म्हणतो. क्लासवाले सांगतात, फोटोशॉप घेतल्याशिवाय उपयोग नाही. त्याचे दर महिन्याला पैसे भरणं आम्हाला जमणार नाही. एक ओळखीचा मुलगा ‘क्रॅक’, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरीची प्रत, टाकून देतो म्हणतोय. दुसरा म्हणतो, गिंप फुकट आहे, ते शिक. फुकटच्या सॉफ्टवेअरवर शिकून त्याचं वर्ष वाया जाईल का?

उत्तर: ताई, वर्ष वाया जाणार नाही. पण क्लासवाले अगदीच खोटं बोलतात असंही नाही. लग्नाच्या अल्बमचं काम जिथे चालतं तिथे फोटोशॉपचंच राज्य आहे. त्यामुळे मुलाने फोटोशॉप कधीच शिकू नये असं मी म्हणणार नाही. फक्त त्यासाठी आज तुमच्या पगारातून दर महिन्याला पैसे जायला हवेत, हे मला पटत नाही.

२०१३ पर्यंत फोटोशॉपची प्रत्येक नवी आवृत्ती एकदाच पैसे देऊन विकत घेता येत होती. त्यानंतर अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या भाड्यावर द्यायला सुरुवात केली. पैसे भरणं थांबलं की सॉफ्टवेअरही थांबतं. रोज काम असलेल्या स्टुडिओला तो खर्च झेपतो, कमाई सुरू न झालेल्या विद्यार्थ्याला नाही. नोकरी लागली तर फोटोशॉप मालकाच्या संगणकावर असेलच. तेव्हा मुलाला एडिटिंग येत असलं, तर मेनू कुठे आहेत हे समजायला काही आठवडे पुरतात. एडिटिंगच येत नसेल, तर महागातलं सॉफ्टवेअरही त्याला तारणार नाही.

क्रॅकला मात्र स्पष्ट नकार द्या. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. गावात कोण तपासायला येतंय, असं तो ओळखीचा मुलगा म्हणेल. पण अशा फायलींबरोबर व्हायरस येतात. एखाद्या रात्री संगणक लॉक झाला आणि कुणाच्या लग्नाचे सगळे फोटो गेले, तर त्या घरच्यांना काय उत्तर देणार?

आता त्याने कशावर शिकावं ते सांगते. पाच सॉफ्टवेअर एकदम उतरवून बसू नका, दोन पुरेत. पहिलं फोटोपी. ते ब्राउझरमध्येच चालतं, जाहिराती सहन केल्या तर फुकट आहे आणि फायली आपल्याच संगणकावर राहतात. त्याची मांडणी आणि बरेचसे शॉर्टकट फोटोशॉपसारखे आहेत, म्हणून हाताला तीच सवय लागते. फोटोशॉपच्या पीएसडी फायलीही त्यात चांगल्या उघडतात. अल्बमच्या कामात याला फार महत्त्व आहे, कारण अल्बमच्या बारा बाय छत्तीस इंची पानाचे तयार टेम्प्लेट पीएसडीमध्येच मिळतात.

दुसरं गिंप. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ते बनवायला घेतलं. आजही ते मुक्त परवान्यावर आहे, त्यामुळे उद्या कुणी भाडं लावेल ही भीती नाही. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून लावलेला फिल्टर नंतरही बदलता येतो. आधी ती सोय नव्हती आणि लोक त्याबद्दल बरोबरच कुरकुरायचे. त्याचे शॉर्टकट वेगळे आहेत. दुसऱ्याने बनवलेली गुंतागुंतीची पीएसडी गिंपमध्ये कधी कधी जशीच्या तशी उघडत नाही. छपाईच्या सीएमवायके रंगांतही त्यात थेट काम होत नाही. स्टुडिओच्या कामात हे फारसं अडत नाही, फोटो छापणाऱ्या बहुतेक लॅब आरजीबीतली, म्हणजे पडद्यावरच्या रंगांतली, जेपीजी घेतात. फ्लेक्स किंवा पत्रिका छापणाऱ्याकडे काम करायचं असेल तर अडेल. तिथे तसंही फोटोशॉपइतकंच डिझाइनचं कोरलड्रॉ आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी विचारतात, हे क्लासवाल्यांनी सांगितलं का?

अ‍ॅफिनिटीचं नाव मुलाच्या कानावर येईल. तेही फोटो एडिटिंगचंच सॉफ्टवेअर आहे. पूर्वी ते एकदाच पैसे देऊन मिळायचं. २०२४ मध्ये कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने ते विकत घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून कॅनव्हाचं खातं उघडलं की ते फुकट मिळतं, एआयची साधनं तेवढी पैसे भरणाऱ्यांना. सॉफ्टवेअर दमदार आहे, सीएमवायकेही आहे. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळत नसे. म्हणून आधी ‘शुभविवाह’, ‘कीर्ती’, ‘द्वितीय’, ‘चि. सौ. कां.’ असे शब्द टाइप करून बघायला सांगा. वेलांटी किंवा रफार भलतीकडे गेला तर मराठी मजकुरासाठी ते बाजूला ठेवा. फोटोशॉपमध्येसुद्धा भारतीय लिप्यांचा पर्याय चालू नसेल तर जोडाक्षरं तुटतात. गिंप इथे सरळ वागतं.

पैसे खर्चच करायचे असतील तर संगणकाची रॅम वाढवा. बारा बाय छत्तीस इंचाचं पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. एकच लेअर, म्हणजे फोटोवर रचलेला एक थर, मेमरीत शंभर एमबीहून जास्त जागा घेतो आणि एका पानात असे वीस लेअर सहज होतात. ४ जीबी रॅमवर कोणतंही सॉफ्टवेअर रडेल. १६ जीबी असेल तर बरं.

सरावासाठी इंटरनेटवरचे परदेशी मॉडेलचे फोटो घेऊ नका. स्टुडिओत जी गिऱ्हाइकं येतात त्यांचीच कामं शिकायची आहेत. ग्रुप फोटोतून गेलेल्या वडिलांचा चेहरा काढून फ्रेमसाठी मोठा करणं. ओल लागून डाग पडलेला आजीचा फोटो नीट करणं. हळदीच्या पिवळ्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे पिवळे झालेत, ते सुधारणं, आणि तेही साडीचा रंग न बिघडवता. यासाठी लागणारं लेअर, मास्क (नको तो भाग झाकणं), कर्व्ह्ज (उजेड आणि रंग सुधारणं), क्लोन आणि हीलिंग (डाग बुजवणं) हे सगळं फोटोपी आणि गिंप या दोन्हींत आहे. ‘गोरं करून द्या’ ही मागणीही येणार. चेहरा पुसून टाकणारे एडिटर पुष्कळ आहेत. माणूस ओळखू येईल असं काम करणारा स्टुडिओवाल्यांना हवा असतो, असं माझं निरीक्षण आहे. नुसतं बॅकग्राउंड कापणं आता मोबाइलही करतो, तेवढ्यावर पोट भरणार नाही.

अशी दहा-बारा कामं आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून जपून ठेवू द्या, लेअरसकट. ज्यांचे फोटो आहेत त्यांना विचारूनच. नोकरीला गेल्यावर समोर एक फाइल ठेवून ‘हे करून दाखव’ म्हणतात, प्रमाणपत्र नंतर बघतात. आत्ता ज्या स्टुडिओत तो जातो, तिथल्या मालकांकडे फोटोशॉपवर बसायला आठवड्यातून दोन-तीन तास मागून बघा. पगार वाढवून मागण्यापेक्षा हे मागणं सोपं आहे आणि आज जास्त कामाचंही.

शिक्षणाचं म्हणाल तर बारावी कोणत्याही शाखेची चालते. उपयोजित कलेच्या (अप्लाइड आर्टच्या) पदवीसाठी राज्याची सीईटी असते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान विचारतात, सॉफ्टवेअर नाही. त्याने चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या असतील आणि हात चालत असेल तर हा फॉर्म जरूर भरा. लवकर कमाई हवी असेल तर आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो प्रत्येक आयटीआयत नसतो, म्हणून जवळपासच्या दोन-तीन ठिकाणी चौकशी करा.

क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी मुलाला तिथे तासभर बसू द्या. शिकवणाऱ्यांना एक जुना खराब फोटो द्या आणि त्यांनी तो त्याच्यासमोर दुरुस्त करावा अशी विनंती करा. ते टाळाटाळ करू लागले तर दुसरा क्लास बघा.