कंबर धरली, पण काम सुटू नये

प्रश्न : सोयाबीन सोंगताना उसण भरली. बारा दिवसांपासून खाटेवर आहे. घरचे म्हणतात, दुखणं पुरतं थांबल्याशिवाय वावरात जायचं नाही. इकडे कापसाचा पहिला वेचा सुरू झाला. (शेतमजूर महिला, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, आधी खाट सोडा. एक-दोन दिवस पडून राहणं ठीक, त्यापुढे कंबर उलट आखडते. अशी उसण बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत ओसरते, पण हालचाल थोडं दुखत असतानाच सुरू करायची असते. दोन-तीन दिवस घरकाम आणि धुऱ्यापर्यंत चालणं, मग अर्धा दिवस वेचणी. ओटी गच्च भरू देऊ नका. पोटापुढे लोंबणारा पाच किलो कापूस कमरेला दिवसभर पुढे ओढतो; दोन किलो झाला की गाठोड्यात रिकामा करा. संध्याकाळी दुखलं आणि सकाळपर्यंत उतरलं, तर घाबरू नका. सकाळीही जास्तच असेल तर त्या दिवशी तास कमी करा, पण वेचणी बंद करू नका. मजुरी किलोवर असते, चार पैसे कमी मिळतील, हे कळतं. पण हंगामच हुकला तर काहीच मिळणार नाही.

प्रश्न : बाजार समितीत हमाल आहे, वय ४१. एमआरआयत 'गादी सरकली' असं आलं. हमाली सुटली का? (हिंगणघाट)

उत्तर : नाही, भाऊ. पाठ कधीच न दुखलेल्या चाळिशीतल्या माणसांचा एमआरआय काढला, तरी साधारण निम्म्यांच्या गादीत फुगवटा दिसतो. फोटोवरून हमाली सोडू नका. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. तसं नसेल तर काही आठवडे तोलाई, पोती शिवणं मागून घ्या. मग हलकी पोती, तीही दोघांनी मिळून. क्विंटलचं पोतं एकट्याने पाठीवर घेणं धडधाकट माणसालाही जास्तच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती!

प्रश्न : कमरेचा पट्टा लावून काम केलं तर?

उत्तर : बरं वाटत असेल तर थोडे दिवस लावा. पण पट्टा लावला म्हणून ओझं वाढवू नका.

प्रश्न : आमचा सालदार महिनाभरापासून घरी आहे. परत बोलवावं की दुसरा पाहावा? (शेतकरी, अमरावती जिल्हा)

उत्तर : आजच घरी जाऊन त्याला भेटा. जितके दिवस घरी, तितकं परतणं अवघड. कमरेपेक्षा भीतीच जास्त धरून ठेवते. 'काय जमेल?' हे त्यालाच विचारा. ओलित, बियाणं निवडणं, बैलांचं चारापाणी यांपासून सुरुवात करा. फवारणी शेवटी. सोळा लिटरच्या पंपात पाणीच सोळा किलो, वर पंपाचं वजन. अर्धाच भरू द्या, आणि जमिनीवरून उचलण्याऐवजी बैलबंडीच्या काठावर ठेवून पाठीला लावू द्या.